विश्लेषण : मृगाचा किडा, बोंडअळी आणि इंग्रजीचा तास… कीटकांच्या आधारे प्राथमिक शाळेत भाषा कशी शिकवता येते?

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि मराठवाड्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पाऊस वेळेवर आला, तर बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माळरानावरून शाळेत येणाऱ्या मुलांना वाटेत लालभडक, मखमली अंगाचा मृगाचा किडा भेटतो. काही मुले तो काडेपेटीत घालून वर्गात आणतात. शिक्षकांनी ‘बाहेर टाक आधी ते’ असे न म्हणता काडेपेटी टेबलावर उघडली आणि ‘हाउ मेनी लेग्ज?’ एवढेच विचारले, तर इंग्रजीचा तास सुरू झालाच म्हणून समजावे. मुले मोजतात. पुस्तकाप्रमाणे कीटकाला सहा पाय हवेत. इथे आठ निघतात. म्हणजे ज्याला सगळा गाव किडा म्हणतो, तो कीटकच नाही. तो कोळ्याच्या आणि गोचिडाच्या नात्यातला प्राणी आहे. ‘इट हॅज एट लेग्ज. इट इज नॉट ॲन इन्सेक्ट.’ पहिल्या आठवड्यात दोन पूर्ण वाक्ये, तीही मुलांनी स्वतः मोजून खात्री केलेली.

एखादा विषय हाताशी धरून त्याभोवती ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे गुंफण्याच्या या पद्धतीला आशयसूत्रावर आधारित अध्यापन म्हणतात. जगभर लहान मुलांना दुसरी भाषा शिकवताना ती वापरली जाते आणि कीटक हा त्यातला लाडका विषय. अमेरिकी चित्रकार एरिक कार्ल यांचे भुकेल्या सुरवंटावरचे चित्रपुस्तक १९६९ मध्ये आले. तेव्हापासून अनेक देशांत इंग्रजीचे वर्ग त्या सुरवंटाच्या मागे चालले आहेत. पण बीडसारख्या जिल्ह्यात या विषयाला आयात करावे लागत नाही. कापूस, ऊस, सोयाबीन आणि तुतीच्या या मुलखात कीटक हा घरातल्या जमाखर्चाचा भाग आहे.

इंग्रजी पहिलीपासून, मग अडते कुठे?

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालच्या जूनपासून ती पहिलीपासून आली. त्यामागचा विचार सरळ होता. शहरातल्या मुलाला जे तिसऱ्या वर्षी मिळते, ते खेड्यातल्या मुलाला अकराव्या वर्षापर्यंत का मिळू नये? त्यानंतर पुस्तके बदलली, शिक्षकांची प्रशिक्षणे झाली. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांचा ‘तेजस’ हा उपक्रमही २०१६ पासून काही वर्षे काही जिल्ह्यांत चालला. त्यात शिक्षकांचे छोटे गट एकत्र येऊन इंग्रजीचे तास कसे घ्यायचे यावर बोलत.

अडचण पुस्तकाची नाही, पुस्तकाबाहेरच्या शांततेची आहे. तास संपला की इंग्रजी संपते. घरी, बांधावर, पारावर ती कोणी बोलत नाही. त्यामुळे मुले धडा पाठ करतात, प्रश्नाची उत्तरे फळ्यावरून उतरवतात आणि चौथीत गेल्यावरही ‘व्हेअर इज युअर बुक?’ असे कोणी विचारले की शेजारच्याकडे पाहतात.

पण ही शांतता खरोखर पूर्ण आहे का? कापसाच्या हंगामात बीडच्या कोणत्याही गावात कृषी सेवा केंद्रासमोर पाच मिनिटे उभे राहिले, तर ‘थ्रिप्स वाढलेत’, ‘मिलीबग आलाय’, ‘व्हाइट फ्लायला काय मारायचं’ अशी वाक्ये कानावर पडतात. फुलकिडे, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी हे मराठी शब्द आहेतच, आणि त्यांच्या शेजारी इंग्रजी शब्दही ठाण मांडून बसले आहेत. जिच्या वडिलांच्या तोंडी दिवसातून चार वेळा ‘व्हाइट फ्लाय’ येते, त्या मुलीला ‘व्हाइट’ आणि ‘फ्लाय’ हे दोन शब्द नव्याने शिकवण्याची गरज नाही. तिला फक्त सांगायचे आहे की हे तुला येते. इतर विषयांपेक्षा कीटकांचा विषय इथे सरस ठरतो तो याच कारणाने.

पानावर की पानाखाली?

चांगला तास नावांच्या यादीने सुरू होत नाही. फळ्यावर वीस कीटकांची नावे, समोर मराठी अर्थ आणि ‘पाच वेळा लिहून आणा’ ही या विषयाची सगळ्यात रूढ आणि सगळ्यात वाया जाणारी पद्धत आहे. भाषा वाक्यात राहते, आणि मराठी मुलाला इंग्रजी वाक्यात नेमके कुठे ठेचकाळायला होते हे ओळखून कीटक निवडले, तर एका विषयात बरेच व्याकरण बसते.

पहिली ठेच ‘हॅज’ आणि ‘हॅव’ची. मराठीत ‘मुंगीला सहा पाय असतात’. मालकी दाखवणारे ‘हॅव’सारखे क्रियापद आपल्याकडे नाही, आपण ‘ला’ लावून ‘असणे’वर भागवतो. म्हणून मुले ‘ॲन्ट सिक्स लेग्ज इज’ अशी वाक्ये करतात. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मूल मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असते. कीटकांच्या बाबतीत हे वाक्य शंभर वेळा म्हणायला नैसर्गिक कारण मिळते, कारण प्रत्येक नव्या किड्याचे पाय, पंख, मिशा मोजायच्याच असतात. ‘इट हॅज टू विंग्ज’, ‘इट हॅज फोर विंग्ज’. माशीला पंख दोनच असतात आणि मधमाशीला चार, हे भिंगातून पाहताना वाक्य आपोआप पक्के होते.

दुसरी ठेच जागा दाखवणाऱ्या शब्दांची. मराठीत ‘वर’, ‘खाली’, ‘आत’ हे नामाच्या मागे चिकटतात: पानावर, पानाखाली, बोंडात. इंग्रजीत ते नामाच्या पुढे येतात. हा उलटा क्रम पाठांतराने बसत नाही, पण कपाशीचे पान हातात घेतले की बसतो. मावा आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला राहतात. ‘इज इट ऑन द लीफ?’ असे विचारले की मूल पान पाहते, ‘नो’ म्हणते, पान उलटते आणि ओरडते, ‘अंडर द लीफ!’ बोंडअळीसाठी बोंड फोडावे लागते: ‘इन द बोल’. उत्तर शोधायला हात हलवावा लागला, की शब्द लक्षात राहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात याच तत्त्वावर शरीराने प्रतिसाद देत भाषा शिकण्याची पद्धत मांडली. आधी ऐका, त्याप्रमाणे हालचाल करा, बोलण्याची घाई नको. पहिली-दुसरीच्या वर्गात ‘हॉप लाइक अ ग्रासहॉपर’, ‘क्रॉल लाइक अ कॅटरपिलर’, ‘फ्लाय लाइक अ बटरफ्लाय’ हे खेळ त्यातूनच येतात. जो मुलगा महिनाभर एक शब्द बोलत नाही, तोही नाकतोड्यासारखी उडी मारतो, आणि त्याला ‘हॉप’ समजले आहे हे शिक्षकांना कळते.

‘अ’ आणि ‘ॲन’चा नियम मुळाक्षरे येणाऱ्या मुलाला लगेच समजतो, कारण स्वर-व्यंजनाचा भेद त्याने मराठीत शिकलेला असतो. ‘ॲन्ट’, ‘इन्सेक्ट’, ‘एग’ यांची सुरुवात स्वराने, म्हणून आधी ‘ॲन’. ‘बी’, ‘बीटल’, ‘मॉथ’ व्यंजनाने, म्हणून ‘अ’. अनेकवचनात तर इंग्रजी चक्क सोपी आहे, आणि हे मुलांना सांगायला हरकत नाही. मराठीत मुंगीच्या मुंग्या, किड्याचे किडे, फुलपाखराची फुलपाखरे, आणि डास मात्र कितीही वाढले तरी डासच. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी शेवटी एक ‘एस’. अपवादाला उदाहरण डोक्यावरच सापडते: एक ऊ ‘लाउस’, पुष्कळ उवा ‘लाइस’. हा अपवाद वर्ग हसत हसत शिकतो आणि विसरत नाही. ‘माउस’ आणि ‘माइस’ मग फुकटात मिळतात.

जोडशब्दांचाही इथे खजिना आहे. ‘बटर’ आणि ‘फ्लाय’, ‘ड्रॅगन’ आणि ‘फ्लाय’, ‘ग्रास’ आणि ‘हॉपर’. मराठीत फूल अधिक पाखरू, मध अधिक माशी. दोन्ही भाषा एकाच पद्धतीने शब्द घडवतात, हे नऊ वर्षांच्या मुलाला स्वतः सापडले तर त्याचा आनंद वेगळाच असतो. चतुराला ‘ड्रॅगनफ्लाय’ का म्हणतात, हा प्रश्नही कोणीतरी विचारतेच. आपण त्याला चतुर का म्हणतो, हा उलटा प्रश्न विचारून शिक्षकांनी सुटका करून घ्यावी.

‘वर्म’ म्हणावे तो वर्म नाही

शब्दसंग्रहाचा खरा कस लागतो तो अळीपाशी. मराठीत अळी, सुरवंट, गांडूळ, जंत हे वेगवेगळे शब्द आहेत आणि शेतकरी कुटुंबातले मूल त्यात गफलत करत नाही. इंग्रजीत मात्र ‘वर्म’ हा शब्द सैल सुटलेला आहे. गांडूळ ‘अर्थवर्म’, ते बरोबर. पण बोंडअळी ‘बोलवर्म’, लष्करी अळी ‘आर्मीवर्म’, रेशमाची अळी ‘सिल्कवर्म’. यातली एकही शास्त्राच्या अर्थाने ‘वर्म’ नाही. या तिन्ही अळ्या पतंगांची पिल्ले आहेत, म्हणजे कीटकच. ‘फायरफ्लाय’ हा आपला काजवा माशी नसून भुंगेरा आहे, आणि ‘लेडीबर्ड’ पक्षी नाही. तो मावा खाणारा ढालकिडा, शेतकऱ्याचा मित्र.

ढालकिड्यावरून आणखी एक गोष्ट. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर कीटक ठरावीक असतात: सात ठिपक्यांचा टपोरा लाल ढालकिडा, नारिंगी-काळे मोठे फुलपाखरू. कपाशीवर दिसणाऱ्या ढालकिड्याच्या पाठीवर बहुधा नागमोडी काळ्या रेघा असतात. तक्ता पाहून शिकलेल्या मुलाला शेतातला किडा ‘लेडीबर्ड’ वाटतच नाही. म्हणून तक्ता मुलांनीच काढलेला बरा. चित्र खास नसेल, पण किडा ओळखीचा असेल.

‘फ्रेंड’ आणि ‘पेस्ट’ अशी दोन खोकी ठेवून कीटकांच्या चिठ्ठ्या टाकण्याचा खेळ तिसरी-चौथीत चांगला रंगतो. मधमाशी, ढालकिडा एका खोक्यात. मावा, तुडतुडे दुसऱ्यात. भांडण गुलाबी बोंडअळीवरून होत नाही. २०१७ च्या हंगामात तिने मराठवाडा-विदर्भातल्या कपाशीचे जे केले, ते घराघरात माहीत आहे; बीटी वाणांची मात्रा तिच्यावर चालेनाशी झाली होती. भांडण होते ते वाळवीवरून. घराचा दरवाजा खाते म्हणून शत्रू, की पालापाचोळ्याची माती करते म्हणून मित्र? ‘आय थिंक’ आणि ‘बिकॉज’ हे दोन शब्द द्यायची हीच वेळ. ‘बिकॉज’नंतरचे अर्धे वाक्य मराठीत आले तरी चालते. संकल्पना मातृभाषेत पक्की असावी आणि तिच्यावर इंग्रजी चढावी, हा क्रम उलटा केला तर मूल दोन्हीकडून रिकामे राहते. तिसरीपासून परिसर अभ्यासात प्राण्यांची ओळख मराठीतून होतेच. इंग्रजीच्या शिक्षकांनी तिची वाट पाहावी, तिच्या आधी धावू नये.

दोनशिक्षकी शाळांना या विषयाचा आणखी एक फायदा होतो. एका खोलीत दोन-दोन, कधी चारही इयत्ता बसतात. काडेपेटीतला एकच किडा सगळ्यांना पुरतो: पहिलीचे मूल पाय मोजते, दुसरीचे रंग सांगते, तिसरीचे तीन शब्दांचे वाक्य लिहिते आणि चौथीचे कोडे रचते. ‘आय ॲम व्हेरी स्मॉल. आय लिव्ह अंडर द लीफ. द लेडीबर्ड ईट्स मी. हू ॲम आय?’ उत्तर मावा, म्हणजे ‘एफिड’. मराठी कोड्यांची सवय असलेल्या मुलांना हा प्रकार नवा वाटत नाही.

रेशमाचे पंचवीस दिवस

गोष्टीचा क्रम सांगणे, म्हणजे ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’, हे चौथीच्या लेखनातले अवघड वळण. फुलपाखराचे जीवनचक्र सगळीकडे त्यासाठी वापरतात. बीडला त्याहून जवळचे उदाहरण आहे. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात तुतीची लागवड वाढली. बीडच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कोषांची खरेदी-विक्री सुरू झाल्यावर कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारापर्यंत जाण्याची गरजही कमी झाली. अंड्यातून निघालेली अळी साधारण पंचवीस दिवस तुतीचा पाला खाते, त्यात चार वेळा कात टाकते, मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. ‘फर्स्ट इट इज ॲन एग. देन इट ईट्स अँड ईट्स.’ पंचवीस दिवसांची नोंद वहीत रोज एका वाक्याने ठेवली, तर महिन्याअखेरीस मुलाने इंग्रजीत पहिले पुस्तक लिहिलेले असते. शेवटी प्रश्न येतो, ‘व्हेअर इज द मॉथ?’ धागा अखंड मिळावा म्हणून कोष उष्णतेने वाळवतात आणि आतला कोषकीटक मरतो, हे उत्तर मराठीत, सावकाश आणि खरे खरे द्यावे.

‘डोन्ट टच’ हे वाक्य आधी

२०२२ च्या सप्टेंबरात आष्टी परिसरासह राज्यात अनेक ठिकाणी घोणस अळीची भीती पसरली होती. तिचा दंश सापासारखा, माणूस दगावतो, अशा अफवा मोबाइलवर फिरल्या. अळीच्या अंगावरच्या विषारी केसांनी तीव्र आग होते, सूज येते, काहींना त्रास जास्त होतो आणि डॉक्टरकडे जावे लागते. पण ती साप नव्हे. अशा विषयावर वर्ग बाहेर न्यायचा, तर पहिली इंग्रजी वाक्ये नियमांचीच हवीत: ‘लुक’, ‘डोन्ट टच’, ‘कॉल टीचर’. केसाळ अळी, गांधीलमाशी, मधाचे पोळे यांना हात नाही. दगड उलटायचा नाही, कारण माळरानावर खाली विंचू असू शकतो. फवारणी झालेल्या शेतात तर जायचेच नाही.

शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन असतो: लाल आणि पिवळ्यासोबत ‘पॉयझन’, निळ्यासोबत ‘डेंजर’, हिरव्यासोबत ‘कॉशन’. चौथीच्या मुलाने हे तीन शब्द ओळखले, तर बांधावर रिकामा डबा पाणी प्यायला घेणाऱ्या धाकट्या भावाला तो थांबवू शकतो. वाचन-कौशल्याची याहून चांगली परीक्षा शोधून सापडणार नाही. डबे मात्र वर्गात आणायचे नाहीत. फळ्यावर चित्र काढून काम भागते.

जून ते दिवाळी

कीटक पावसाळ्यात असतात. बीडच्या शाळांतली पटावरची सगळी मुलेही पावसाळ्यातच असतात. दसरा-दिवाळीनंतर शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि घरी सांभाळायला कोणी नसेल तर मुलेही सोबत जातात. काही आजी-आजोबांकडे राहतात, त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. जाणाऱ्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. पण फड दर काही दिवसांनी हलतो, शाळा कोपीपासून लांब असते आणि कर्नाटकात तर ती कन्नड असते. मार्च-एप्रिलमध्ये मूल परतते, तेव्हा पुस्तक शेवटच्या धड्यापर्यंत पोचलेले असते.

म्हणून कीटकांचा विषय पुस्तकात कुठेही असला, तरी इथे तो जूनमध्येच सुरू करणे शहाणपणाचे. जून ते ऑक्टोबर या साडेचार महिन्यांत ‘इट हॅज’, ‘इट कॅन’, ‘ऑन’, ‘अंडर’, ‘इन’ आणि पन्नासेक शब्द पक्के झाले, तर जाणाऱ्या मुलाच्या हाती धडा अर्धवट राहत नाही. एक साचा राहतो, ज्यात तो नवे शब्द भरू शकतो.

उसाच्या फडात किडे कमी नाहीत. मुळांशी हुमणी, कोंबात खोडकिडा, पानावर पाकोळीसारखा उडणारा पायरिला. सोबत न्यायला सुतळीने शिवलेली छोटी वही पुरते. पहिल्या पानांवर शाळेत पाहिलेले कीटक, पुढची पाने कोरी, आणि प्रत्येक कोऱ्या पानावर तीनच ओळी छापल्यासारख्या लिहून दिलेल्या: ‘इट इज…’, ‘इट हॅज…’, ‘आय सॉ इट ऑन…’. हुमणीला इंग्रजीत काय म्हणतात हे तिथे कोणी सांगणार नसते, म्हणून पहिल्या ओळीत देवनागरीत ‘हुमणी’ लिहिले तरी हरकत नाही. एप्रिलमध्ये वह्या परत आल्या की गावात राहिलेल्या मुलांनी ती पाने वाचायची आणि प्रश्न विचारायचे. त्या तासाला उत्तरे फक्त फडावरून आलेल्यांकडेच असतात.